पुण्यापर्यंत न पोहोचलेला कागद : मुंबई हायकोर्टाची गोष्ट

(या भागाचं हे लेखी रूप. रेकॉर्डिंगच्या वेळी बोलण्याच्या भरात जे अर्धवट राहिलं, ते इथे थोडं नीट करून ठेवलंय.)

लोकलमध्ये उभे असाल, एसटीच्या खिडकीपाशी असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आवाज थोडा वाढवा. आज कोर्टाची गोष्ट आहे. घाबरू नका, कलमांची यादी वाचून दाखवणार नाहीये.

सुरुवात माझ्या मामापासून करतो. मामा गडहिंग्लजकडचा. गावातल्या जमिनीचा वाद खालच्या कोर्टातून वर वर जात एक दिवस हायकोर्टात अपिलाला गेला. मग मामाचं एक ठरून गेलं. दुपारी गाव सोडायचं, संध्याकाळी कोल्हापूरला आमच्या घरी जेवायचं आणि रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून सकाळी मुंबई. खांद्याला पिशवी, पिशवीत सातबाऱ्याचे उतारे, जुन्या फेरफाराच्या नकला आणि आजीने बांधून दिलेल्या दशम्या. वकिलांना कागद द्यायचे, सही करायची आणि रात्रीच्या गाडीने परत.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. एकदा विचारलं, "मामा, हायकोर्ट म्हणजे काय?" मामा जेवता जेवता म्हणाला, "हायकोर्ट म्हणजे लांबचं कोर्ट." पुढची दोन-तीन वर्षं मी खरंच समजत होतो की 'हाय' म्हणजे लांब.

मोठं झाल्यावर इतिहास वाचायला लागलो आणि लक्षात आलं की मामा फारसा चुकला नव्हता. आपल्या राज्याच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचा इतिहास बऱ्याच अंशी एका प्रश्नाभोवती फिरतो: या कोर्टाने काढलेला कागद कुठपर्यंत चालतो? मुंबईत काढलेला हुकूम ठाण्यात चालतो का? पुण्यात चालतो का? आज हा प्रश्न बावळट वाटेल. पण १८२८ साली याच प्रश्नावरून मुंबईत इतकं मोठं भांडण झालं, की एका न्यायाधीशाने कोर्टालाच टाळं लावलं.

एक मुंबई, दोन न्यायव्यवस्था

आधी त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली ती जॉन माल्कम नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे. हे नाव लक्षात ठेवा, तो गोष्टीत पुन्हा येणार आहे. पुणे, सातारा, नगर, खानदेश असा मोठा मुलूख कंपनीच्या वर्चस्वाखाली आला, आणि साताऱ्याचं छत्रपतींचं राज्य सोडलं तर बाकी बहुतेक ठिकाणी कंपनीचाच कारभार सुरू झाला. मुंबई शहर मात्र त्याआधी दीडशे वर्षांपासून इंग्रजांकडे होतं.

त्यामुळे न्यायाच्या दोन वेगवेगळ्या व्यवस्था शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजाचं कोर्ट होतं. १७९८ मध्ये तिथे रेकॉर्डर्स कोर्ट सुरू झालं आणि १८२३ च्या सनदेने त्याच्या जागी मुंबईचं सुप्रीम कोर्ट आलं. हे आजचं दिल्लीचं सुप्रीम कोर्ट नव्हे, गल्लत करू नका. इथले न्यायाधीश राजा नेमायचा, वकील बॅरिस्टर आणि कायदा मुख्यतः इंग्लंडचा.

बेटाच्या बाहेर, म्हणजे तेव्हाच्या भाषेत मोफसलमध्ये, कंपनीच्या अदालती होत्या. जिल्ह्याला जिल्हा अदालत आणि सगळ्यांच्या वर सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालत. तिथले न्यायाधीश कंपनीचे नोकर आणि कायदा कंपनीचा. १८२७ चं एल्फिन्स्टन कोड तुम्ही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात वाचलं असेल, ते याच अदालतींसाठी होतं.

आता विचार करा. कलेक्टर कंपनीचा, तुरुंग कंपनीचा आणि न्यायाधीशही कंपनीचा. मग कंपनीनेच अन्याय केला तर माणसाने जायचं कुठे? मुंबईतल्या माणसाला निदान राजाचं कोर्ट होतं. पुण्यातल्या माणसाला काय?

मोरो रघुनाथ

१८२८ मध्ये हा प्रश्न सुप्रीम कोर्टाच्या दारात येऊन उभा राहिला. मोरो रघुनाथ नावाचा साधारण चौदा वर्षांचा मुलगा पुण्यात होता. त्याचा ताबा पांडुरंग रामचंद्र या पुण्यातल्या मोठ्या घरच्या नातेवाइकाकडे होता. मुलाला त्याच्या मनाविरुद्ध कोंडून ठेवलंय, अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात आली. कोर्टाने पांडुरंग रामचंद्रांच्या नावे हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला.

हेबियस कॉर्पस हे लॅटिन शब्द आहेत. मराठीत आपण बंदी प्रत्यक्षीकरण म्हणतो. शब्द जड आहे, पण अर्थ अगदी सोपा: ज्या माणसाला तू अडकवून ठेवलंयस, त्याला माझ्यासमोर आणून उभा कर आणि कोणत्या अधिकाराने अडकवलंयस ते सांग. बस, एवढंच. या एका कागदापुढे राजाच्या तुरुंगाधिकाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं, असा त्याचा दरारा.

त्याच सुमारास दुसरं एक प्रकरण आलं. बापू गणेश नावाचा कैदी ठाण्याच्या तुरुंगात होता. त्याला शिक्षा कंपनीच्या अदालतीने दिलेली. सुप्रीम कोर्टाने ठाण्याच्या जेलरलाही तसाच हुकूम काढला.

आता माल्कमसाहेब परत येतात. बाजीरावाची शरणागती घेणारा हाच माणूस आता मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या दृष्टीने ही साधी कोर्टकचेरी नव्हती. दख्खन हातात येऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. तिथल्या सरदारांना शांत ठेवायला कंपनीने त्यांना मानाच्या सवलती दिल्या होत्या. त्यांच्यावरचे दावे ऐकायला पुण्यात वेगळी सोय केली होती. अशा घरच्या माणसाला मुंबईचं कोर्ट कागद पाठवून "हजर हो" म्हणायला लागलं, तर कंपनीच्या वर अजून कोणीतरी आहे हे सगळ्या मुलुखाला कळेल. माल्कमला नेमकं तेच नको होतं.

३ ऑक्टोबर १८२८ रोजी गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलने न्यायाधीशांना पत्र लिहिलं. आशय असा, की विलायतेतून निर्णय येईपर्यंत बेटाबाहेर असे हुकूम काढू नका. आणि काढलेच तर त्यांच्या अंमलबजावणीला सरकार मदत करणार नाही.

सरकारने न्यायाधीशांना पत्र लिहून सांगायचं, की अमुक प्रकारच्या केसमध्ये हुकूम काढू नका? न्यायाधीश भडकले. कोर्टाला काही सांगायचं असेल तर उघड्या कोर्टात, वकिलामार्फत या, असं त्यांचं म्हणणं होतं.

१ एप्रिल १८२९

पण न्यायाधीश होते तरी किती? सनदेप्रमाणे एक मुख्य न्यायाधीश आणि दोन इतर, असे तीन. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट ऑगस्ट १८२८ मध्ये वारले. दुसरे, सर चार्ल्स चेंबर्स, त्या पत्रानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरमध्येच गेले. मुंबईची हवा तेव्हा गोऱ्या माणसांना मानवायची नाही, हे आपण ऐकतो. इथे तिने अख्खं कोर्ट जवळजवळ रिकामं केलं. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट.

ग्रँट मागे हटले नाहीत. पण कागद काढणं वेगळं आणि तो पुण्यात बजावला जाणं वेगळं. कोर्टाकडे ना फौज, ना पोलीस. पुण्यात सगळी यंत्रणा सरकारची, आणि सरकार हात बांधून बसलेलं. मोरो काही हजर झाला नाही. शेवटी १ एप्रिल १८२९ रोजी ग्रँट यांनी कोर्टाचं कामकाज बंद केलं. माझे हुकूम सरकारच पाळू देत नसेल तर इथे बसून न्यायदानाचं सोंग कशाला करायचं, असा त्यांचा पवित्रा होता.

ही गोष्ट जिथे घडली ती इमारत आजही उभी आहे. फोर्टात लायन गेटसमोर जी ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग आहे ना, तिथे कोर्ट भरायचं. मी एकदा मुद्दाम जाऊन समोर उभा राहिलो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी मान वर करूनही बघत नव्हतं. आणि का बघावं? तशी काही खूण दिसत नाही.

भांडण विलायतेला गेलं. मे १८२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने मत दिलं. बेटाच्या हद्दीत राहणारा माणूस, किंवा बाहेर असूनही जो व्यक्तिशः या कोर्टाच्या अधिकाराखाली येतो असा माणूस, एवढ्यांनाच मुंबईचं सुप्रीम कोर्ट हेबियस कॉर्पस पाठवू शकतं. पुण्याच्या पांडुरंग रामचंद्रांना नाही आणि ठाण्याच्या जेलरला तर नाहीच. मुलाला खरंच कोंडलं होतं का, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नाही. मोजली गेली ती फक्त कोर्टाची हद्द.

याला एक मजेशीर शेपूट आहे. तेव्हा लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार बघणारे मंत्री होते लॉर्ड एलनबरो. त्यांनी माल्कमला खासगी पत्रात कळवलं, की आम्ही दोन नवे न्यायाधीश धाडतोय, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये धरलेला रानटी हत्ती होईल. हे पत्र फुटलं, छापून आलं आणि एलनबरोंची चांगलीच नाचक्की झाली. न्यायाधीश नेमताना तो सरकारला सोयीचा असावा ही इच्छा किती जुनी आहे बघा. फरक इतकाच, की तेव्हा ती कोणीतरी लिहून ठेवली.

दोन कोर्टांचं एक कोर्ट

१८५७ चा उठाव झाला, १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं आणि सगळा कारभार थेट राणीकडे गेला. आता राजाचं कोर्ट आणि कंपनीचं कोर्ट असे दोन संसार चालवायचं कारणच उरलं नाही. १८६१ मध्ये ब्रिटिश संसदेने हायकोर्टाचा कायदा केला. २६ जून १८६२ ची सनद आली आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई हायकोर्ट सुरू झालं. कलकत्त्याचं त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झालं होतं, मद्रासचं मुंबईच्या दुसऱ्या दिवशी. पहिले मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉसे.

सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती एकाच छपराखाली आल्या खऱ्या, पण सांधा तसाच राहिला आणि तो आजही दिसतो. हायकोर्टात आजही दोन बाजू आहेत: ओरिजिनल साइड म्हणजे मूळ शाखा आणि अपेलेट साइड म्हणजे अपील शाखा. मुंबई शहरातले ठरावीक रकमेच्या वरचे दिवाणी दावे थेट हायकोर्टात दाखल होतात, ती मूळ शाखा. ती जुन्या सुप्रीम कोर्टाची वारस. बाहेरच्या जिल्ह्यांतून अपिलं येतात ती अपील शाखा, सदर अदालतींची वारस. दोन्ही शाखांचे नियम वेगळे, कार्यालयं वेगळी. माझ्या मामाचे कागद अपील शाखेत होते. म्हणजे एका अर्थाने तो अजून सदर अदालतीच्या रांगेतच उभा होता!

आज आपण ओव्हल मैदानासमोर जी भव्य दगडी इमारत बघतो, ती नंतरची. कर्नल जेम्स फुलर यांनी तिचा आराखडा केला. १८७१ मध्ये काम सुरू झालं, १८७८ मध्ये संपलं. वर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. आत गेलात तर खांबांवरची कोरीव कामं नीट बघा. एके ठिकाणी एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू धरून बसलंय. बिलावरून भांडण झालेल्या कंत्राटदाराने केलेली ही टिंगल आहे, असं सांगतात. सांगोवांगी गोष्ट आहे, पण माकड खरं आहे.

या कोर्टात हळूहळू इथली माणसंही खुर्चीवर बसायला लागली: नानाभाई हरिदास, मग काशिनाथ त्र्यंबक तेलंग, आणि तेलंग गेल्यावर १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे. पहिल्या महिला न्यायाधीश, सुजाता मनोहर, यायला मात्र १९७८ साल उजाडलं.

कोर्टाचा हात लांब झाला, पण कोणासाठी?

१९०८ चा टिळकांचा खटला तुम्हाला माहीत आहे. 'केसरी'तल्या लेखांवरून राजद्रोहाचा आरोप. मला त्यातल्या दोनच गोष्टी सांगायच्यात.

पहिली, न्यायाधीश होते दिनशा दावर. हेच दावर १८९७ च्या राजद्रोह खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो जामीन दिला होता. अकरा वर्षांनी खुर्ची बदलली.

दुसरी, ज्युरी. नऊ जण, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी. खटला मराठी लेखांवरचा, आणि ज्युरीपुढे होती त्यांची इंग्रजी भाषांतरं. ही भाषांतरं चुकीची आहेत, हे सांगण्यात टिळकांचा बराच वेळ गेला. २२ जुलै १९०८ ला निकाल लागला: सात विरुद्ध दोन, टिळक दोषी. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले.

१८२९ मध्ये याच शहरातलं कोर्ट पुण्याच्या एका मुलाला विचारायलाही पोहोचू शकलं नव्हतं. १९०८ मध्ये पुण्याच्या संपादकाला शिक्षा करायला त्याला काहीच अडचण आली नाही. कोर्टाची ताकद वाढली म्हणजे आपोआप लोकांची ताकद वाढते असं नाही. ती कोणाच्या बाजूने वापरता येते, हे कायद्यात काय लिहिलंय आणि खुर्चीवर कोण बसलंय यावर ठरतं. स्वतंत्र भारतात, १९५६ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्या कोर्टरूमबाहेर टिळकांचे शब्द कोरलेली पाटी लावली. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्यानेच ती चूक भिंतीवर लिहून ठेवली. तिकडे कधी गेलात तर ४६ नंबरची कोर्टरूम विचारा.

कलम २२६

मग ती १८२९ ची रेघ पुसली कधी? थोडी १९२३ मध्ये, फौजदारी कायद्यातल्या एका दुरुस्तीने: हेबियस कॉर्पससारखा आदेश हायकोर्टाला आपल्या अपिलाच्या सगळ्या हद्दीत देता येऊ लागला. पण ती कायद्याने दिलेली सवलत होती, आणि कायदा सरकार बदलू शकतं.

पक्की पुसली ती २६ जानेवारी १९५० ला. संविधानाचं कलम २२६ म्हणतं, की प्रत्येक हायकोर्ट आपल्या सगळ्या अधिकारक्षेत्रात, कोणत्याही व्यक्तीला किंवा अधिकाऱ्याला, सरकारलाही, रिट काढू शकतं. मूलभूत हक्कांसाठी काढू शकतं आणि इतर कारणांसाठीही. बेट आणि मोफसल हा भेद या अधिकारापुरता संपला. सरकारला पत्र लिहून "इथे हुकूम काढू नका" म्हणायची सोय राहिली नाही.

आता समजा, मोरोची केस आज आली. काय होईल?

नातेवाईक वकिलामार्फत अपील शाखेत फौजदारी रिट याचिका दाखल करतील. मुख्य न्यायमूर्तींनी ठरवलेल्या रोस्टरप्रमाणे ती एका खंडपीठापुढे, म्हणजे दोन न्यायाधीशांपुढे जाईल. कोणी कोणत्या प्रकारच्या केस ऐकायच्या हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. न्यायाधीश स्वतः केस निवडत नाहीत. साध्या बाबी एकटा न्यायाधीश ऐकतो, महत्त्वाच्या बाबी दोघं, आणि दोन खंडपीठांची मतं जुळेनाशी झाली तर तीन किंवा जास्त जणांचं पूर्णपीठ. मोरोच्या बाबतीत कोर्ट पुण्यातल्या पोलीस ठाण्याला नोटीस काढेल: मुलाला अमुक तारखेला हजर करा. आणि पोलीस, ज्यांना माल्कमने हलू दिलं नव्हतं, त्या मुलाला घेऊन मुंबईला येतील. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाचा ताबा कोणाकडे, अशा याचिका आजही याच मार्गाने येतात.

हे सगळं करणारी यंत्रणा केवढी आहे? न्यायाधीशांची मंजूर पदं ९४. निवृत्तीचं वय ६२. अधिकार महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीववर. खालच्या सगळ्या कोर्टांवर देखरेख याच कोर्टाची. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी हायकोर्टाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येत नाही. एवढी मोठी जबाबदारी आहे ही.

१९७६ : कागद पुन्हा अडला

आणीबाणीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७५-७६ मध्ये मिसाखाली हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात होते. त्यांनी हेबियस कॉर्पसच्या याचिका केल्या. सरकार म्हणालं, आणीबाणीत हा हक्कच स्थगित आहे, कोर्टाने बघूच नये. देशातल्या अनेक हायकोर्टांनी हे मानलं नाही. त्यात आपलं नागपूर खंडपीठही होतं.

हे सगळे निकाल २८ एप्रिल १९७६ ला दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी फिरवले. विरोधातलं एकटं मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचं. बहुमतात असलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड मुंबई हायकोर्टातूनच वर गेलेले. पुढे २०१७ च्या खासगीपणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो निकाल चूक ठरवला आणि त्या पीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

मोरोच्या कागदाला पुण्यात अडवलं होतं तेव्हा हद्दीचं कारण होतं. १९७६ मध्ये हद्दीचा प्रश्नच नव्हता, तरी कागद अडला. म्हणून कलम २२६ आहे ना, मग झालं, असं म्हणून झोपून जाऊ नये.

लांबचं कोर्ट जवळ येतं

आता परत मामाकडे. कागद पुण्याला पोहोचतो, गडचिरोलीला पोहोचतो, हे ठीक. पण माणूस कोर्टापर्यंत पोहोचतो का? एसटीचं तिकीट, बुडालेली मजुरी, मुंबईत टेकायला जागा, हे सगळं धरलं तर अनेकांसाठी ती रेघ अजून तिथेच आहे.

यावरचा उपाय म्हणजे खंडपीठं, आणि प्रत्येकामागे वेगळा इतिहास आहे. नागपूरला १९३६ पासून स्वतःचं हायकोर्ट होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूर मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ झालं. मराठवाडा तोपर्यंत हैदराबादच्या हायकोर्टाखाली होता. १९५६ नंतर तिथल्या माणसाला मुंबई गाठावी लागली, ती थेट पंचवीस वर्षं. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला पीठ सुरू झालं. त्यालाही कोर्टात आव्हान दिलं गेलं, १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं आणि १९८४ मध्ये ते कायम झालं. गोव्यात पोर्तुगीजांचं वरिष्ठ न्यायालय थेट १५४४ पासूनचं, म्हणजे मुंबईतल्या कोणत्याही इंग्रजी कोर्टाच्या आधीचं. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये पणजीला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं.

आणि कोल्हापूर. वकिलांनी आणि लोकांनी चाळीसहून अधिक वर्षं मागणी लावून धरली. मोर्चे झाले, कामबंद आंदोलनं झाली. शेवटी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचचं काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, असे सहा जिल्हे. सर्किट बेंच म्हणजे कायम खंडपीठ नव्हे. राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती ठरवतात की न्यायाधीश अमुक ठिकाणीही बसतील. संभाजीनगरचीही सुरुवात याच कलमाखाली झाली होती.

ही बातमी आली त्या दिवशी मी मामाला फोन केला. मामा आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, त्याची केस केव्हाच संपली. म्हटलं, "मामा, हायकोर्ट कोल्हापुरात आलं." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दुपारी परत येता येईल की रे."

मला वाटतं, ९४ न्यायाधीश, दोन शाखा, पीठं, सनदा या सगळ्याचं मोजमाप त्या एका वाक्याने करावं. कोर्टात जाऊन माणूस दुपारी घरी परतू शकतो का?

सगळं संपलंय असंही नाही. खालच्या कोर्टात मराठी चालते, पण हायकोर्टाचं कामकाज आजही इंग्रजीत. मामा कोर्टरूममध्ये बसायचा तेव्हा स्वतःच्याच जमिनीबद्दल काय चाललंय हे त्याला नंतर वकिलांना विचारावं लागायचं. टिळकांच्या ज्युरीला मराठी येत नव्हती, मामाला इंग्रजी येत नव्हती. शहराचं नाव १९९५ मध्ये मुंबई झालं, कोर्ट मात्र इंग्रजी कागदांवर अजून 'बॉम्बे'च आहे. आणि मोरोचं पुणं? तिथली याचिका आजही मुंबईच्या मुख्य पीठाकडेच येते. फक्त आता तो कागद खंडाळ्याचा घाट चढून जातो आणि उत्तर घेऊन परत येतो.

पुढच्या वेळी ओव्हलवर क्रिकेट बघायला गेलात, तर समोरच्या इमारतीकडे एक नजर टाका. आणि तुमच्या घरात कोणी मामासारखी कोर्टाची वारी केली असेल, तर त्यांना बोलतं करा, रेकॉर्ड करून ठेवा. असा इतिहास कुठल्या निकालपत्रात छापलेला नसतो.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.